कळवलं, पण कळलं का?

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. महाराष्ट्र दिन नुकताच होऊन गेला होता. हडपसरच्या उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमाराला दारावरची बेल वाजली, की माणूस आधी कपाळाला आठ्या घालतो आणि मग दार उघडतो. मीही तसंच केलं. दारात आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताई उभ्या होत्या. ही त्यांची कामाची वेळ नव्हे. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पेढ्यांचा पुडा. "काका, तोंड गोड करा. पोरगं पाचवी पास झालं!"

या पोराचं आमच्या घरात सगळ्यांना कौतुक. पंचवीस टक्के राखीव जागांच्या सोडतीत त्याचा नंबर लागला आणि तो इंग्रजी शाळेत गेला, तेव्हाही असाच पुडा आला होता. ताई मूळच्या लातूरकडच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, मराठी अक्षराला अक्षर लावून वाचतात. नवरा मांजरीच्या उपबाजारातून भाजीचा टेम्पो चालवतो, पहाटे तीनला घर सोडतो. त्या घरात इंग्रजी वाचणारं माणूस एकच, आणि त्याचं वय अकरा वर्षं.

मी पेढा तोंडात टाकला आणि बँकेतल्या पस्तीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "बघू, कागद बघू." कागद पाहिल्याशिवाय आनंद मानायचा नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी न पडू दिलेलं प्रगतिपत्रक काढलं. सगळं इंग्रजीत. विषय, श्रेणी, हजेरी, आणि तळाला निळ्या शाईचा रबरी शिक्का – 'एलिजिबल फॉर री-एक्झामिनेशन'.

म्हणजे पुनर्परीक्षेस पात्र. साध्या मराठीत सांगायचं तर, नापास.

"ह्याचा अर्थ काय सांगितला त्याने?" मी विचारलं.

"एलिजिबल म्हंजे पात्र म्हणला. वरच्या वर्गाला पात्र झाला."

मुलाने खोटं सांगितलं नव्हतं. निम्मं सांगितलं होतं. पुढचा शब्द त्याला कळला नव्हता, की कळूनही त्याने गिळला होता, हे मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही. अकरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्याच शिक्षेचा दुभाषा करायचं आणि वर त्याने शब्दाला शब्द भाषांतर करावं अशी अपेक्षा धरायची, हा न्याय कुठला? तोंडातला पेढा गिळून मला ताईंना खरं सांगावं लागलं. कादंबऱ्यांत मी बरेच अवघड प्रसंग लिहिले आहेत. इतका अवघड लिहिलेला आठवत नाही.

ताई रडल्या नाहीत. पुड्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "चाळीत समद्यांला वाटले की वो." आणि मग, "परवाच्याला गावाला निघायचंय. तिकिटं काढलीत."

गावाहून परत यायचं ते शाळा सुरू होताना, जूनच्या मध्यावर. आणि पुनर्परीक्षा होती शाळा सुरू होण्याच्या आधी. ती हुकली असती तर पोराला पुन्हा पाचवीत बसावं लागलं असतं. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हा नियम आपल्या अंगवळणी पडला होता. २०१९ साली केंद्राने शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली, २०२३ साली महाराष्ट्राने आपल्या नियमांत बदल केला, आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात अडकलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची, आणि तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं. हे पहिलंच वर्ष. शिकल्यासवरल्या पालकांनाही नियम नीट ठाऊक नव्हता, मग ताईंना कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंबरोबर मी शाळेत गेलो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हडपसरातल्या किंवा कुठल्याही गावातल्या पाच शाळांत गेलो असतो तरी चारांत हेच घडलं असतं. वर्गशिक्षिका तिशीतल्या होत्या. टेबलावर पेपरांचा ढीग, शेजारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा कागद. तेरा तारखेला पुण्याचं मतदान होतं आणि त्यांना ड्युटी लागली होती. मी थोड्या चढ्या आवाजातच सुरुवात केली. त्यांनी शांतपणे मुलाची डायरी मागवली, पानं उलटली आणि आमच्या पुढे ठेवली.

"काका, हे बघा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च. तीनदा लिहिलंय – गणितात आणि इंग्रजीत मागे आहे, कृपया भेटा. परीक्षेच्या नव्या नियमाचा मेसेज ग्रुपवर दोनदा टाकलाय. आम्ही कळवलं होतं."

तिन्ही शेऱ्यांखाली ताईंची सही होती. वळणदार, सावकाश काढलेली, स्वतःची. पोराने डायरी पुढे करून "इथं सही कर" म्हटलं की त्या करत होत्या. शाळेचा ग्रुप नवऱ्याच्या मोबाइलवर होता, आणि तो मोबाइल पहाटेपासून टेम्पोत.

"मला तर कुणी काय बोललंच नाही," ताई म्हणाल्या.

शिक्षिका खरं बोलत होत्या. ताईही खरं बोलत होत्या. शाळेने कळवलं होतं आणि आईला कळलं नव्हतं. मराठी भाषेने या दोन क्रियापदांत एका अक्षराचंच अंतर ठेवलं आहे. त्या एका 'व'मध्ये पोराचं एक अख्खं वर्ष बुडायला निघालं होतं.

मला माझ्या नोकरीची पहिली वर्षं आठवली. १९८४-८५ चा सुमार, मराठवाड्यातली एक लहान शाखा. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशींसाठी कर्जं दिली जात होती. काही हिस्सा सरकारी अनुदान, बाकी बँकेचं कर्ज. कर्जदार निरक्षर असला तर कागदावर अंगठा घ्यायचा – पुरुषाचा डावा, बाईचा उजवा – आणि खाली अधिकाऱ्याने दाखला लिहायचा : 'वरील मजकूर कर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवला व समजावून सांगितला.' त्याचा तयार शिक्का होता. एका बाजारच्या दिवशी मी असे वीसेक शिक्के धडाधड मारले आणि कागद मॅनेजरसाहेबांकडे नेले. साहेबांनी सगळ्यात वरचा कागद घेतला, बाकावर बसलेल्या म्हातारीला हाक मारली आणि विचारलं, "आजी, हप्ता किती भरायचा?"

आजी म्हणाली, "कसला हप्ता बाबा? म्हस सरकारनं दिलीया न्हवं?"

साहेबांनी मला काही बोल लावला नाही. वीसही कागद परत दिले आणि म्हणाले, "शिक्का मारणं म्हणजे समजावणं नव्हे. समजलं की नाही हे तिला विचारल्याशिवाय तुम्हाला कसं कळणार?" त्या दिवशी बँक बंद झाल्यावरही मी बाकावर बसून होतो, एकेका माणसाला हप्ता सांगत आणि त्याच्याकडून पुन्हा वदवून घेत.

शाळेच्या डायरीतली सही ही त्या अंगठ्यासारखीच आहे. फरक एवढाच, की बँकेत निदान दाखला लिहायची पद्धत होती. डायरीतल्या शेऱ्याखाली 'आईला तिच्या भाषेत सांगितला, तिला समजला' असं लिहायची जबाबदारी कुणावरच नाही. आणि म्हणून ती सही पालकाला काही कळवण्यासाठी राहत नाही. उद्या वाद झालाच तर दाखवायला पुरावा म्हणून उरते.

हे सगळं मी दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखवून लिहितो आहे असं कुणाला वाटू नये, म्हणून माझ्याच घरातली एक गोष्ट सांगतो. सांगताना आजही बरं वाटत नाही.

१९९७ साली माझी विदर्भात बदली झाली. लेक चौथीत होती, म्हणून पत्नी आणि ती पुण्यातच राहिल्या. मी महिन्या-दीड महिन्याने रविवार जोडून यायचो. त्या दीड दिवसात विजेचं बिल, सोसायटीच्या नोटिसा, विम्याचे कागद आणि लेकीचं प्रगतिपुस्तक असा एक गठ्ठा माझ्यापुढे यायचा, आणि मी जेवता जेवता सह्या करायचो. अधिकाऱ्याची सही, झोकदार आणि न वाचता केलेली. दोन-तीन वर्षांपूर्वी माळा आवरताना ते प्रगतिपुस्तक हाती लागलं. दुसऱ्या चाचणीच्या पानावर बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'गुण चांगले आहेत. परंतु दिवाळीनंतर वर्गात बोलत नाही. डबा तसाच परत नेते. कृपया भेटून जावे.' आणि खाली माझी सही.

शेरा मराठीत होता. मी पदवीधर होतो. भाषेची अडचण नव्हती, गरिबीची नव्हती, मोबाइलचीही नव्हती. पत्नीला वाटलं, मी सही केली म्हणजे वाचलं असणार; मला वाटलं, घरी ती आहे म्हणजे तिने बघितलं असणार. कुणीच भेटून आलं नाही.

लेक आता स्वतः एका मुलाची आई आहे. मी तिला ते पान दाखवलं. तिने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. सही होती ना तुमची."

नऊ वर्षांची मुलगी वडिलांची सही बघून समजली होती, की आपण गप्प आहोत हे बाबांना माहीत आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. यावर मी काय बोलणार?

शाळा आणि घर यांतलं हे अंतर आजचं नाही, आणि ते कमी करायचा प्रयत्नही आजचा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा समजून घेतील, असं त्यात म्हटलं आहे. लोकांपासून फटकून राहणारा शिक्षक हा शिक्षणातलाच अडथळा आहे, हे त्यांनी त्या काळात ओळखलं होतं. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, गावोगाव फिरून मुलं गोळा केली आणि वसतिगृहांत आणली. आईबापांशी ओट्यावर बसून बोलल्याशिवाय का कुणी आपलं पोर असं सोपवतं? त्याच संस्थेचं साधना विद्यालय आमच्या हडपसरात उभं आहे आणि इथल्या कित्येक शेतकरी कुटुंबांतली पहिली शिकलेली पिढी तिथून बाहेर पडली.

आणि ताराबाई मोडक. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. आजची एखादी संस्था म्हणाली असती, 'आम्ही कळवलं होतं, पालकच उदासीन आहेत.' ताराबाईंनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर गेलेला शब्द तिथून आला. मूल शिकतं कसं हे आई चुलीजवळून बघू शकत होती, आणि मूल राहतं कसं हे बाईंना दिसत होतं. दोन्ही बाजूंना एकमेकींचं कळत होतं, आणि त्यासाठी डायरी लागली नाही. आमच्या पुण्यात रजनी परांजपे यांनी उभी केलेली 'डोअर स्टेप स्कूल' ही संस्था १९८९ पासून बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी हेच करत आली आहे. शाळा मुलाच्या उंबऱ्यापाशी न्यायची, वेळ पडली तर बसमध्ये भरवायची.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्यं सांगितली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घेणं आणि त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणं, हे त्यातलं एक. एकविसाव्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली; तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. खासगी शाळांसाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन झाला पाहिजे, प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो आणि कार्यकारी समितीवरचे पालक सोडतीने निवडायचे असतात. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर प्रगतिपत्रकाला घर आणि शाळा यांच्यातला दुवाच म्हणतं. कायद्याने आपल्या परीने पुष्कळ केलं आहे.

पण बैठक घ्या म्हणणारं कलम ती किती वाजता घ्यायची आणि कोणत्या भाषेत घ्यायची हे सांगत नाही. ते आपण ठरवायचं असतं. आपण ठरवतो काय? कामाच्या दिवशी सकाळी दहा. त्या वेळी ताईंची चार घरची कामं असतात. एक खाडा म्हणजे एका घरची बोलणी. नवरा पहाटेपासून उभा राहून नुकता आडवा झालेला असतो. तरीही आईबाप आले, तर मुख्याध्यापकांचं अर्धा-पाऊण तासाचं भाषण, त्यात शिस्त, गणवेश, फी आणि सहल. मग वर्गात रांग आणि प्रत्येकाला दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत बाई बोलतात आणि पालक मान हलवतात. चूक असेल तेव्हाच आणि पैसे हवे असतील तेव्हाच आपल्याला बोलावणं येतं, हे एकदा पालकाच्या मनात बसलं की तो शाळेच्या फाटकाशी पोलीस चौकीत आल्यासारखा उभा राहतो. अशा माणसाला काही समजलं नाही तरी तो 'पुन्हा सांगा' म्हणत नाही.

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांऐवजी श्रेणी आणि सोबत मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी. कल्पना फार चांगली होती. बाईंनी मुलाकडे बघून चार ओळी लिहायच्या. पण वर्गात पन्नास-साठ मुलं, विषय आठ-नऊ, शिवाय माहितीचे तक्ते. लवकरच बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. मग 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो' हे वाक्य वर्गातल्या निम्म्या मुलांच्या वाट्याला आलं. पालकानेही ते वाचणं सोडलं. माझ्या लेकीच्या बाईंनी १९९७ साली लिहिलेल्या त्या तीन ओळी अशा कुठल्याही पुस्तकात मिळणार नाहीत. त्यांनी माझ्या मुलीचा डबा पाहिला होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर त्या शिक्षिकेवर अन्याय होईल. त्या म्हणाल्या, "काका, ज्यांच्याशी बोलायला हवं ते येत नाहीत, आणि बाकीचे झोपू देत नाहीत." हडपसर आता एक गाव राहिलेलं नाही. एका बाजूला मगरपट्ट्याच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूला रामटेकडी आणि वैदूवाडीच्या वस्त्या, मधे आमच्यासारख्यांच्या जुन्या सोसायट्या. एकाच वर्गात तिन्हीकडची मुलं. आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता एखादे पालक विचारतात, अर्धा गुण का कापला? दुसरे त्यावर अंगठा दाखवतात, तिसरे मुख्याध्यापकांपर्यंत जाण्याची भाषा करतात. सकाळी आठवीच्या मुलांसमोर उभं राहणाऱ्या बाईंनी ते रात्री वाचलेलं असतं. २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या तेव्हा घरोघरच्या मोबाइलवर वर्ग भरले, आणि शिकवणं म्हणजे काय खटाटोप असतो हे पालकांनी पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसांत शिक्षकांविषयी जो आदर बोलून दाखवला गेला, तो शाळा उघडल्यावर फार दिवस टिकला नाही.

तेव्हा दोष एकट्या शाळेचा नाही. पण पहिलं पाऊल कुणी उचलायचं, याचं उत्तर मात्र मला स्पष्ट दिसतं. काउंटरच्या ज्या बाजूला कागद असतो, त्या बाजूच्या माणसाने. बँकेत तो मी होतो. शाळेत ती शाळा आहे.

यासाठी पैसा फारसा लागत नाही. प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला, आधार, जन्माचा दाखला आपण मागतो; त्याच फॉर्मवर दोन प्रश्न वाढवावेत. घरी कोणती भाषा वाचता येते? फोन कोणाच्या हातात असतो आणि किती वाजता? या दोन उत्तरांवर ताईंचं वर्ष वाचलं असतं. इंग्रजी शाळेने मुलाला इंग्रजीत शिकवावं, जरूर शिकवावं; पण आईशी आईच्या भाषेत बोलावं. वर्षातून निदान दोन बैठका रविवारी किंवा संध्याकाळी व्हाव्यात, आणि त्याच्या बदल्यात शिक्षकांना हक्काची सुट्टी मिळावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मेसेज बोलून पाठवावा. टेम्पो चालवणारा बापही तो ऐकू शकतो. वाईट बातमी मुलाच्या हाती कधीही पाठवू नये. आणि पहिला निरोप तक्रारीचा नसावा. जूनमध्येच बाईंनी 'तुमचा मुलगा वर्गात सगळ्यांना मदत करतो' एवढं एकदा सांगितलं, तर ऑक्टोबरातली तक्रार ऐकायला तीच आई धावत येते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्या साहेबांचा प्रश्न – 'आजी, हप्ता किती?' बैठक संपताना बाईंनी आईला विचारावं, "मग घरी काय करणार?" आईने आपल्या शब्दांत सांगावं. सांगता आलं तर कळलं. नाही आलं तर पुन्हा सांगावं. आणि त्याहून पुढची गोष्ट म्हणजे शाळेने पालकालाही काही विचारावं. हा घरी कसा असतो, कशाला घाबरतो, कशात रमतो? ताईंचा मुलगा पहाटे तीनला उठून बापाला टेम्पोत पाट्या भरू लागतो आणि पहिल्या दोन तासांना वर्गात पेंगतो. ते दोन तास गणिताचे आणि इंग्रजीचे होते. आईला हे पहिल्यापासून माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या सकाळी टेबलापाशी ते बोलण्यात निघालं, तेव्हा शिक्षिकेने पेन खाली ठेवलं.

पालकांनीही आपला वाटा उचलायचा आहे. वाचल्याशिवाय सही करू नये. वाचता येत नसेल तर 'वाचून दाखवा' म्हणण्यात कमीपणा मानू नये. शाळेची वेळ संपली की बाईंची वेळ सुरू होते, हे ग्रुपवरच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. आणि माझ्यासारख्या निवृत्तांना एक सुचवतो. सोसायटीच्या कट्ट्यावर देशाचं अर्थकारण सुधारून झालं असेल, तर आठवड्यातून एक तास घरकामाच्या ताईंच्या, वॉचमनच्या मुलांच्या डायऱ्या वाचून दाखवायला ठेवावा. आम्ही तिघांनी तो सुरू केला आहे. चष्म्याखेरीज काही भांडवल लागत नाही.

दरवर्षी आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी हडपसरपर्यंत येते आणि इथे दोन्ही वाटा वेगळ्या होतात. एक दिवे घाटाने सासवडकडे वळते, दुसरी लोणी काळभोरकडे. कुणाला त्याची काळजी वाटत नाही, कारण वाखरीला त्या पुन्हा भेटणार हे ठरलेलं असतं. घर आणि शाळा यांच्याही वाटा वेगळ्याच असतात आणि तशाच असाव्यात. पण त्यांनी मधूनमधून भेटायचं कुठे, हे कुणीतरी ठरवायला हवं ना?

ताईंनी गावची तिकिटं रद्द केली. मुलगा महिनाभर पहाटे टेम्पोवर गेला नाही. शिक्षिकेने निवडणुकीची ड्युटी संपल्यावर त्याला आणि आणखी तिघांना शाळेत बोलावून शिकवलं. त्या तिघांच्या घरीही 'पात्र' या शब्दाचा तोच अर्थ लागला होता, असं नंतर कळलं. संध्याकाळी तो माझ्याकडे अपूर्णांक घेऊन बसायचा. व्याज काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला अपूर्णांक शिकवताना घाम फुटला, हेही इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

जूनमध्ये एका दुपारी पुन्हा अवेळी बेल वाजली. दारात ताई, मागे मुलगा. या खेपेलाही हातात पेढ्यांचा पुडा होता, पण त्याची दोरी सोडलेली नव्हती. दुसऱ्या हातातला कागद त्यांनी आधी माझ्यापुढे धरला.

"काका, हे वाचून दाखवा. शेवटपर्यंत वाचा. मग पेढा."